तोंड कुणाच्या दाराकडे?

मी तोफ बोलतेय. दचकू नका, भरलेली नाही. सध्या माझ्या पोटात गुटख्याच्या पुड्या आहेत, एक चपटी बाटली आहे आणि कुणाची तरी एका पायाची चप्पल आहे. भिवंडी तालुक्यात, कशेळी आणि राहनाळच्या मधल्या एका गावाच्या नाक्यावर, चकचकीत फरशीच्या चौथऱ्यावर मला बसवलंय. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या ट्रकांनी त्याची जेवढी बदनामी केली तेवढी पुरे.

माझा जन्म फिरंग्यांच्या भट्टीतला. ओतीव लोखंड, पाठीवर क्रूस आणि त्याखाली चार अक्षरं. मी गार होताच एका पाद्रीबुवाने माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि सांगितलं की हिचा प्रत्येक गोळा देवाच्या कामी येईल. पुढे मी एका नवाबाच्या हाती लागले. तिथे मौलवींनी दुआ वाचून पाणी फुंकलं आणि तेच सांगितलं. मग मला मराठी फौजेने जिंकलं. शास्त्रीबुवांनी गंगाजळ शिंपडून, हळदकुंकू लावून, पुन्हा तेच सांगितलं. तीन धर्मांचं पाणी अंगावर पडलं. गंज तिन्हींनी सारखाच धरला.

गंमत म्हणजे गोलंदाज बरीच वर्षं तोच होता. मी जिंकली गेले की तोही माझ्याबरोबर जिंकला जायचा आणि नव्या धन्याकडे कामाला लागायचा. बत्ती देताना तो कुठल्याच देवाचं नाव घेत नसे. कानात कापूस घालत असे.

माझ्या शेवटच्या लढाईचं सांगते, कारण ती याच खाडीकाठावर झाली. समोर एक छोटी गढी होती. दोन्ही बाजूंनी धर्म बुडत होता, आणि तो वाचवायला दोन सरदार आपापल्या तंबूत विडे खात बसले होते. मी भिंत पाडली. भिंतीआड फौज नव्हती, ती मागच्या दाराने निघून गेली होती. आत लपली होती ती मिठागरांवरची आगरी माणसं आणि होड्या हाकणारे तरांडेवाले कोकणी मुसलमान, बायकापोरांसकट. जीव वाचवायला एकत्र शिरलेली. गोळ्याने नावगाव विचारलं नाही. चार दिवसांनी दोघा सरदारांनी तह केला, एकमेकांना शेले दिले आणि मिठागरं वाटून घेतली. मला आठवतंय, शेला फार तलम होता.

मग माझी गरज संपली. कुणीतरी मला बंदरावर तोंड खाली करून पुरलं आणि माझ्या शेपटाकडच्या भागाला होड्यांचे दोर बांधू लागले. माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ बरा गेला. भाताची पोती जात, मीठ जाई, कौलं येत. होडी सोडण्याआधी प्रत्येक जण मला हात लावून पुढे जाई, पाटलांचा असो की खाडीपलीकडच्या मुसलमानांचा. मी काय आहे, हे हळूहळू सगळेच विसरले. मला वाटलं, बरं झालं. विसरणं म्हणजेच शांतता, असं मलाही वाटत होतं. लोखंडालाही भाबडेपणा असतो.

सत्तर साली शहराच्या बाजूला दंगलीचा धूर दिसला. चौऱ्याऐंशी साली पुन्हा दिसला. त्या दुसऱ्या खेपेला केसरीनाथ पाटील आणि कासम ही ऐन विशीतली पोरं आपापल्या बापांबरोबर काठ्या घेऊन माझ्यापाशी पहाऱ्याला बसली होती. दोन्ही बाजूंचे लोक आले, त्यांनी दोन्ही बाजूंना परत पाठवलं. शहरात काय काय झालं, ते दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. धूर विरल्यावर केसरीनाथ म्हणाला, "कासम, आपल्या पोरांना यातला काय सांगाचा न्हाय. डोक्यात जहर नको."

"न्हाय सांगणार," कासम म्हणाला. "विसरूनच जाऊ."

दोघांनी माझ्यावर हात ठेवून तसं ठरवलं. मनाने चांगली माणसं. चांगल्या माणसांनी केलेल्या चुका निस्तरायला फार जड जातात.

पुढे खाडी गाळाने भरली, होड्या गेल्या, शेतांवर गोदामं उभी राहिली. केसरीनाथची तीन झाली. कासमने घराच्या मागे कापड विणायचे लूम टाकले. आणि दोघांची पुढची पिढी डोकी रिकामी घेऊन वाढली. रिकामी नळी आणि रिकामं डोकं यांत एक साम्य असतं, ते मला अनुभवाने माहीत आहे. जो पहिला येईल तो त्यांत हवं ते भरून जातो.

दोन वर्षांमागे रस्तारुंदीकरणात जेसीबीने मला वर काढलं. केसरीनाथचा मुलगा हितेश मंडळाचा अध्यक्ष आहे आणि पुढच्या निवडणुकीचा उमेदवारही, निदान त्याच्या बॅनरवर. माझ्या अंगावरचा चिखल वाळायच्या आत त्याने जाहीर केलं, की ही आमच्या पूर्वजांची धर्मयुद्धातली तोफ. संध्याकाळपर्यंत कासमचा पुतण्या मुदस्सिर याने मोबाईलवर व्हिडिओ टाकला, "ये अपने नवाब की तोप है, भाई लोग. चोरी का माल है." दोघांना मिळून माझ्या आयुष्यातला एक आठवडासुद्धा ठाऊक नव्हता. पण दोघांचा आवाज काय भरून येत होता! गढीत मेलेल्यांत हितेशचे वाडवडील होते आणि मुदस्सिरचेही. ते कुणाच्याच व्हिडिओत नव्हते.

एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. माझ्या पाठीवरचा क्रूस. तो दोघांच्याही गोष्टीत बसत नव्हता आणि गावात ख्रिश्चन एकही नसल्यामुळे कुणाच्या भावना दुखावायची सोय नव्हती. ग्राइंडर आणला आणि क्रूस, अक्षरं, सगळं घासून गुळगुळीत केलं. ठिणग्या उडताना लोक शूटिंग करत होते. माझ्या अंगावर तेवढं एकच खरं लिहिलेलं होतं. म्हणून आता तोंडाने सांगावं लागतंय.

मग चौथरा झाला आणि क्रेन आली. क्रेनने मला खाली टेकवलं, तेव्हा माझं तोंड योगायोगाने मंडळाच्या कार्यालयाकडे झालं. हितेश आत खुर्चीवर बसला होता. तो उडालाच.

"अरे, इकडे नको! फिरवा, फिरवा!"

फिरवली. आता समोर भावेशचं हार्डवेअरचं दुकान आलं. "हितेशभाई, गल्ल्यावर नको हां. अपशकुन होतो," भावेश ओरडला. पुन्हा फिरवली, देवळाकडे झालं. पुजारी धावत आला. पुन्हा फिरवली, मशिदीकडे झालं. पोलीस धावत आले. बंदोबस्ताच्या साहेबांनी तोडगा काढला, की तोंड आकाशाकडे करा. तर त्यांचाच मदतनीस म्हणाला, "साहेब, पावसाचं पाणी साचेल. डेंग्यूचे डास होतील. नोटीस आपल्यालाच येईल."

क्रेनवाला भैया घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "एक बार बोल दो ना भैया, मारना किसको है?"

सगळे हसले. मला मात्र किळस आली. एवढ्या लोकांत कुणालाच माझा इतिहास माहीत नव्हता, पण ज्याच्याकडे माझं तोंड व्हायचं त्याला तो क्षणात आठवायचा. मागे उभं राहिलेल्याला पराक्रम दिसत होता. पुढे उभं राहिलेल्याला फक्त एक काळं, गोल भोक दिसत होतं.

शेवटी माझं तोंड तिरकं झालं आणि कासमच्या घराच्या दाराकडे राहिलं. तिथे कुणी ओरडलं नाही. कासम लूमवर होता आणि त्याची बायको शमीम आत भात वाढत होती.

"बस! परफेक्ट!" हितेश म्हणाला.

केसरीनाथने मुलाला बाजूला घेतलं. "हितेश, तोंड खाडीकडं कर ना रं. कोनाचा काय जातंय?"

"पप्पा, खाडीकडे तोंड करून काय मासे मारायचेत? इतिहास आहे हा. फील आला पाहिजे."

"कासमचा दार हाय तो."

"मग? दार आहे, त्याला काय गोळा लागणार आहे? तुम्ही ना पप्पा, उगाच सेंटी होता."

केसरीनाथने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. एवढाच त्याचा विरोध.

चार दिवसांनी संध्याकाळी शमीम स्वतः केसरीनाथच्या ओट्यावर आली. "भावजी, तुमी मोठे. सकालला दार उघडला का हिचा तोंड. नातीला बोलले, बाय, ते पाइप हाय पाण्याचा. ती बोलते, दादी, मोबाईलमदी बघितला, त्याच्यातून गोला येतो. आता दारातून जात न्हाय, मागल्या बाजूनं शाळंला जाते."

"भाभी, मी बोलतो हितेशला," केसरीनाथ म्हणाला.

"तुमी बोललात, आमी ऐकला. फिरवा तेवढी. न्हायतर आमी जातो. माझा घरवाला जाणार न्हाय बोलतो, पन मी पोरीला हितं न्हाय ठेवनार."

"जायचा विषय काढू नका. दोन दिवसांत फिरवतो."

दोन दिवसांत अनावरण होतं. ढोल, ताशा, भगवे फेटे, ड्रोन. केसरीनाथलाही फेटा बांधून माझ्या मागे पाहुण्यांच्या रांगेत उभं केलं होतं. कासमच्या घराच्या पायरीवर शमीम उभी होती, शेवटपर्यंत वाट बघत, की आता तरी भावजी काही बोलतील. नात तिच्या ओढणीत शिरली होती.

हितेशने माइकवर तीनशे वर्षांचा अपमान पाच मिनिटांत धुऊन काढला. मग मंडळाच्या कार्यकर्त्यांनी माझ्या पोटात आधी सुतळी बॉम्बांची माळ खुपसली आणि तिच्यावर गुलालाची पोती रिकामी केली. किती वर्षांनी मला कुणीतरी भरत होतं! मी लोखंड आहे, मला नाही म्हणता येत नाही. केसरीनाथला येत होतं.

धडाका झाला. गुलालाचा लोट थेट दारावर गेला. खिडकीची काच फुटली. शमीमची पांढरी ओढणी लाल झाली, आणि लांबून पाहणाऱ्याला गुलाल कुठला आणि दुसरं काय, ते कळू नये इतकी लाल. नात किंचाळत होती, पण ढोल मोठा होता. लोक हसले. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत केसरीनाथही होता. सगळे वाजवतात म्हणून हात आपोआप वाजले, आणि दाराकडे नजर गेल्यावर हवेतच थांबले.

दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो लागला. कासम सामान चढवत होता. केसरीनाथ माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"कासम, पोरं हायत रं. मस्करी केली. गुलालच व्हता."

कासमने दोरीची गाठ मारली. "चौऱ्याऐंशीला काय झाला, पोरांना सांगितला असता, तर केली असती मस्करी?"

"आपण दोघांनी मिळून ठरवलेला ना?"

"व्हय, मिळून. माझा मुदस्सिर कुठं वेगळा हाय? तोही असाच भुंकतो."

"मग जाऊ नको. आपण बसवू दोघांना, सांगू सगळा."

कासम पहिल्यांदा वळला. "केसरी, तू अजून मागं उभा हायस. हिकडं पुढं ये, मग बोल."

चौथरा ओलांडायला चार पावलं लागली असती. चौकात मंडळाची पोरं बसली होती, बघत होती. केसरीनाथने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठाण्याला पोचलास का फोन कर." टेम्पो गेला.

त्या घराचं पुढे काय झालं, ते सांगून संपवते. घर आणि लूमची जागा गोदामासाठी गेली. घेणाऱ्यांत हितेश आहे आणि त्याचा भागीदार मुदस्सिर आहे. दोघांनी एकत्र नारळ फोडला, एकमेकांना पेढा भरवला. व्हिडिओवर दोघं अजूनही एकमेकांच्या पूर्वजांचा बदला घेतात, आणि त्यांचं ऐकून खालची पोरं एकमेकांची डोकी फोडतात. मी चारशे वर्षांत बरीच घाण पोटात घेतली, पण इतकी नाही.

केसरीनाथ आता रोज येतो. पुढे येतो, जिथे दार होतं तिथे उभा राहतो आणि माझ्या नळीत बघत बसतो. कधी शाळेतून परतणारी पोरं थांबली, तर चौऱ्याऐंशीचं सांगायला लागतो. नावांसकट सांगतो, काय जळलं, कोण रडत होतं, कोणी कुणाला दारात घेतलं. पोरं जरा वेळ ऐकतात. मग कुणीतरी सेल्फीला आलेला ओरडतो, "काका, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." तो बाजूला होतो. त्याला उशीर झालाय, हे त्यालाही कळतं. तरी दुसऱ्या दिवशी येतो.

तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. जुनी धर्मयुद्धं विसरा, असं मी सांगणार नाही. विसरून काय होतं, ते मी दारासमोर बसून पाहिलंय. आठवा, पण पूर्ण आठवा. शेला कोणी पांघरला आणि भिंतीआड कोण होतं, दोन्ही आठवा. आणि नाक्यावर आलात, तर मागून माझ्या पाठीवर हात टाकून फोटो काढू नका. पुढे या. केसरीनाथच्या शेजारी उभे राहा, या काळ्या भोकात नीट बघा, आपल्या पोरालाही बघू द्या.

मग मला सांगा, तोंड कुणाच्या दाराकडे करू.