फ्रिजमधला काळोख

त्या सकाळी बाबांनी दुधाचं पातेलं बाजूला सरकवून कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवला.

"हा काय नासणार आहे?" आईने विचारलं.

"काळोखाचे फोटो घेतोय. कचकच काढायला."

"माझी?"

"तुझी अशी निघाली असती तर तुलाच आत बसवलं असतं."

कचकच हा त्यांचा शब्द. तेजोमेघाचे कितीतरी मिनिटं चालणारे फोटो घेतले की कॅमेरा स्वतःच्या अंगचे रंगीत ठिपके त्यांत मिसळतो. मग झाकण लावायचं, तेवढ्याच गारव्यात निव्वळ काळोखाचे तसेच फोटो काढायचे आणि खऱ्या फोटोंतून ते वजा करायचे. गच्चीवरचा गारवा दिवसा फक्त फ्रिजमध्ये मिळायचा.

त्यांना तेजोमेघाची शेपटी हवी होती. अंधूक शेपटीसाठी कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की प्रखर गाभा जळून पांढराफटक होई. गाभा सांभाळला की शेपटी काळोखात बुडे. म्हणून दोन्ही तऱ्हेचे फोटो घेऊन ते जोडत बसत. प्रत्येक नवं चित्र दाखवून विचारत, "दिसतेय ना?"

आई म्हणे, "मला बाई नुसता धूर दिसतो."

मी म्हणायचे, "दिसतेय."

"बघ! हिला दिसते," असं आईला ऐकवून ते पुन्हा गच्चीकडे वळत.

त्या दिवशी जेवण झाल्यावर ते "जरा पडतो" म्हणाले. उठलेच नाहीत.

घर माणसांनी भरलं. चहाच्या दुधासाठी फ्रिज सारखा उघडत राहिला. आत कॅमेरा काळोखाचे फोटो घेतच होता, बॅटरी संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मावशीने तो बाहेर काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, "अगं, हा इथे कुणी ठेवला?" आईला हसू आलं. ते आवरेना. मग ते हसू राहिलं नाही.

काही आठवड्यांनी आई म्हणाली, "त्यांचं ते शेवटचं चित्र तू जोड. तुला सगळं शिकवलंय त्यांनी."

मी बसले. सगळे फोटो एकावर एक रचले, तशी कचकच थोडी निवली. मग काळोख वजा केला आणि आकाशाला काळी भोकं पडली. फ्रिजचं दार उघडलं गेलं तेव्हा दर वेळी कॅमेरा तापला होता. त्याने नको तेवढे ठिपके गोळा केले होते. वजाबाकी न करावी, तर सगळीकडे लाल-निळा चुरा. गाभ्यासाठी घ्यायचे कमी वेळाचे फोटो आकाश पुन्हा निरभ्र होईल त्या रात्रीवर राहिले होते. मी गाभ्याचा उजेड उतरवून पाहिला. पांढऱ्याचा करडा झाला, एवढंच. जळलेल्या जागेखाली काही लपलेलं नसतं.

राहिली शेपटी. ती असायला हवी तिथे मी उजेड चढवत नेला. त्याच्याबरोबर चुराही वर आला.

आई खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

"दिसतेय ना गं?" तिने अगदी त्यांच्याच सुरात विचारलं. "मला म्हणायचे, हिला दिसते, म्हणून मी वर जातो."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

"नाही, आई," मी म्हणाले. "नाही दिसत. मला ती कधीच दिसली नव्हती."