कच्च्या वहीतला बंगला

मित्रांनो, मी एक जुनी कच्ची वही आहे. तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या फाटकाशी वॉचमनची खोली आहे, तिथल्या पत्र्याच्या पेटीत माझा मुक्काम असतो. आत्मवृत्त सांगायचं तर गोड आणि सोशीक बोलायचं असतं म्हणे. ते मला जमायचं नाही. मी हेवेखोर आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म जूनमधला. रुखसार दहावीत गेली, तेव्हा तिच्या नववीच्या वह्यांत राहिलेली कोरी पानं तिच्या अब्बांनी, म्हणजे वॉचमन गफूरभाईंनी, सोडवून घेतली. दाभणानं भोकं पाडली, जाड दोऱ्यानं शिवली आणि वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चढवला. त्यामुळे माझं अंग सगळं ठिगळांचं. कुठे चार पानं एकरेघी, कुठे दोन चौकटीची, आणि शेवटी विज्ञानाच्या वहीतलं आकृतीसाठी सोडलेलं एक कोरं पान.

"अशी वही दुकानात मिळायची न्हाई," अब्बा म्हणाले.

"मिळेल कशी? घेणार कोण?" रुखसार हसली. पण छातीशी धरलं हो तिनं मला!

पुढे माझ्या नशिबी काय आलं, विचारू नका. चुकलेली गणितं माझ्यावर, पेन उमटतंय का बघायचे गिरगोटे माझ्यावर, मागच्या बाकावर पिंकीशी फुलीगोळा खेळायचा तोही माझ्यावर. तरी मी खूश होते. मनात येईल ते पहिल्यांदा मला सांगायची ना ती!

मग सहामाही परीक्षा झाली आणि सहीसाठी उत्तरपत्रिका घरी आली. तिचा थाट काय वर्णावा! पांढरीशुभ्र, समास आखलेला, शाळेचा शिक्का, वर सरांची सही. तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. मी त्याच दप्तरात डब्याखाली, भाजीचं तेल पीत पडलेली. अब्बांनी हात धुऊन, पुसून तिला हातात घेतलं. मला घेताना कधी कुणी हात धुतलेत? अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

एका सोमवारी रुखसार बंगल्याच्या पायरीवर मला घेऊन बसली. शनिवार-रविवारचे पाहुणे परत गेले होते. 'बंद बंगल्याचे मनोगत' असा निबंध सरांनी लिहायला सांगितला होता. तिनं एका दमात लिहिलं:

"मी सहा खोल्यांचा बंगला आहे. शनिवारी माझे दिवे लागतात, रविवारी विझतात. माझ्या फाटकाशी एक छोटी खोली आहे. तिथं रोज भाकरी भाजतात, रोज भांडतात आणि रोज हसतात. मला त्या खोलीचा फार हेवा वाटतो. गफूर मला रोज झाडतो, पुसतो, पण निजायला तिकडेच जातो."

मी थरारले. मलाही हेवाच वाटत होता की! पोरीनं नकळत माझंच मन लिहिलं होतं. संध्याकाळी तिनं ते अब्बांना वाचून दाखवलं. ते आधी पोट धरून हसले. "माझं नाव घातलंस व्हय गं?" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

जानेवारीत सराव परीक्षेत नेमका तोच निबंध आला. रुखसारनं माझ्यातला बंगला जसाच्या तसा उचलून उत्तरपत्रिकेत नेला. माझा बंगला! माझ्या ठिगळांवर वाढलेला, आणि मिरवणार ती टवळी. हिचं काहीतरी वाईट व्हावं, असा तळतळाट दिला मी. खोटं कशाला बोलू?

तो लागला. पेपर वाटताना मराठीचे सर तिच्या बाकाशी थांबले.

"रुखसार, पाचापैकी दीड. बंगल्याचा जन्म कुठाय? शेवटी संदेश कुठाय? आणि हा गफूर कोण?"

"वॉचमन आहेत, सर. माझे अब्बा."

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं बाळ, उत्तरपत्रिकेत आपली ओळख पटेल असं नाव, गाव काही लिहायचं नसतं. बोर्डात असं सापडलं तर चौकशी लागेल. जन्म, उपयोग, आनंद, दुःख, संदेश. मुद्दे पाच, गुण पाच. छान लिहितेस तू, नाही कोण म्हणतंय? पण हे असलं कच्च्या वहीत लिहावं."

कच्च्या वहीत! अस्सा आनंद झाला मला. त्या गोऱ्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईची आडवी रेघ होती. रुखसारनं तिची घडी घालून माझ्याच पोटात खुपसली. मी गालातल्या गालात हसत घरी आले.

पण मित्रांनो, दुसऱ्याचं वाईट चिंतलं की ते वळसा घालून आपल्याच दारी येतं. त्या संध्याकाळी रुखसारनं गाईड उघडलं आणि माझ्या पानांवर उतरवायला घेतलं: "मी एक जुना बंगला बोलतोय. एके काळी माझा थाट काही औरच होता." शेवटी, "तेव्हा मित्रांनो, आपला परिसर स्वच्छ ठेवा." एकदा लिहिलं, दोनदा लिहिलं, तब्बल नऊ वेळा लिहिलं. अक्षर मोत्यासारखं, पण त्यात रुखसार औषधालासुद्धा नव्हती. गिरगोटे बंद झाले, फुलीगोळा बंद झाला, मनातलं सांगणंही बंद झालं. मला हवी होती ती पोर, आणि माझ्या वाट्याला आलं गाईड. मी कपाळ बडवून घ्यायचंच बाकी होतं.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना अब्बा म्हणाले, "ते बंगल्याचं वाच की पुन्हा. लय दिवस झालं ऐकून."

तिनं गाईडवालं वाचलं. अब्बांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "पर ह्यो बंगला कुटला? आपला न्हाई ह्यो."

"असंच लिहायचं असतं, अब्बा. तुमचं नाव चालत नाही तिथं."

"बरं. नाव ऱ्हाऊ दे. पर बंगला तरी आपला असू दे की."

मला मिटताना तिनं ते सोमवारचं पान शोधलं, त्यावरून बोट फिरवलं.

मार्चमध्ये बोर्डाचा पेपर झाला. आम्हां वह्या-दप्तरांना वर्गात मज्जाव. तीन तास मी व्हरांड्यात पडून होते. आत माझी सवत, बारकोड मिरवणारी, रुखसारच्या हाताखाली. काय लिहीत असेल ती? गाईड लिहिलं तर पोर हरवली, आणि आपलं लिहिलं तर माझा बंगला कायमचा त्या सवतीचा. दोन्हीकडून मरण माझंच! पण त्या दिवशी पहिल्यांदा मी म्हटलं, जाऊ दे, सवतीचा तर सवतीचा. पोर हरवू नये.

घंटा झाली. पिंकी धावत आली. "कुठला निबंध घेतलास गं?"

"बंद घराचं मनोगत."

"गाईडमधलाच ना?"

"नाही. माझा."

"वेडी आहेस का? आणि नाव?"

"नाव गाळलं. नुसतं वॉचमन लिहिलं. जन्म लिहिला सरांसाठी. संदेश मात्र सुचेना खरा, नाही लिहिला. जाईल एक मार्क."

पिंकी दप्तर उचलून पुढे गेली. रुखसारनं मला बाहेर काढलं, शेवटचं ते आकृतीचं कोरं पान उघडलं आणि मांडीवर ठेवून काहीतरी लिहिलं.

ती उत्तरपत्रिका पुन्हा कुणाला दिसली नाही. कुणी तपासली, पाचापैकी किती दिले, देव जाणे. रुखसार आता बारावीला आहे, आणि पेटीत माझ्या शेजारी तिच्या आणखी दोन कच्च्या वह्या आल्या आहेत. त्यांचाही मला हेवा वाटतो, स्वभावाला औषध नाही.

पाचवा मुद्दा राहिला ना? घ्या मग. मित्रांनो, पेपरात सर सांगतील तसं खुशाल लिहा. पण कच्ची वही रद्दीत घालण्याआधी तिचं शेवटचं पान तेवढं उघडून बघा. जे कुठंच चाललं नाही, ते तिथं असतं.

माझ्या शेवटच्या पानावर, रेघा नसल्यामुळे जरा तिरकं, लिहिलंय: "त्या वॉचमनचं नाव गफूर. ते माझे अब्बा."