बाजूच्या सीटचा पट्टा

तपासनीस हेब्डनने दांडीला लावलेला पांढरा गोळा गाडीच्या नाकावरून हळूहळू फिरवत नेला. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर गोळा जिथे जिथे टेकेल तिथली कड बोथट हवी, असा नियम होता. दिव्याच्या खोबणीपाशी तो थांबला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला,

"कडेचं रबर अगदी कोपऱ्यात नेलंय. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं, साहेब."

साहेब म्हणजे बर्नार्ड. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते आणि तो गंभीरपणे मान हलवत होता.

"कोपरा महत्त्वाचा," तो म्हणाला.

लिनेट दोन पावलं मागे त्याचं जाकीट आणि चहाचा थर्मास धरून उभी होती. तो कोपरा तिने तीनदा उखडून पुन्हा बसवला होता. रबर वळेना म्हणून शेवटी केस वाळवायचं यंत्र आणून ते गरम केलं होतं. त्या वेळी हा साहेब घरात क्रिकेट बघत होता.

"बाईसाहेब, तिकडे खोलीत हीटर आहे," हेब्डन तिच्याकडे वळून म्हणाला. माणूस तसा वाईट नव्हता, आवाजात काळजीच होती. "इथे तुम्ही उगीच गारठाल. आमचं हे चालूच राहणार."

"मी बरी आहे इथे," लिनेट म्हणाली.

सकाळी निघताना तिने नवऱ्याला एकच गोष्ट विचारली होती. तिथे कोणी विचारलं तर खरं सांगशील ना? सांगेन की, असं तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला होता. त्यात न सांगण्यासारखं काय आहे, असंही वर म्हणाला होता.

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर लिनेटने कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात वेल्डिंग शिकून घेतलं. वर्गात ती एकटीच बाई. पहिल्या दिवशी मास्तरांनी तिला शिवणाचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे म्हणून सांगितलं होतं. मग गॅरेजमध्ये सहा हिवाळे. सांगाडा, चाकांचे दांडे, ब्रेकच्या नळ्या, दिव्यांच्या तारा, सगळं तिने केलं. बर्नार्ड उलट्या खोक्यावर बसून जोडणीचं पुस्तक मोठ्याने वाचायचा आणि सांगितलं तिथे बॅटरी धरायचा. तेही काम होतंच, ती ते नाकारत नव्हती. त्यामुळे पुस्तक त्याला तोंडपाठ झालं होतं. घरी गाड्या बांधणाऱ्या हौशी मंडळींच्या मेळाव्यात लोक त्याच्याभोवती जमले की तो त्यातली वाक्यंच्या वाक्यं म्हणायचा. सुरुवातीला तिला त्याची गंमत वाटे. निदान 'आम्ही' तरी म्हणतो ना, असं ती मनाशी म्हणे. गेल्या उन्हाळ्यात मात्र तो 'मी' म्हणायला लागला आणि तिची गंमत तिथेच संपली.

हेब्डन गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. खालून बॅटरीचा उजेड इकडून तिकडे फिरत राहिला.

"वेल्डिंग कुठे करून घेतलंत?" खालून आवाज आला.

"घरीच."

"घरी? बघत राहावं असं काम आहे हो. आमच्याकडे कारखान्यातल्या गाड्या येतात, त्यांचंही एवढं नेटकं नसतं."

लिनेटने बर्नार्डकडे बघितलं. याहून सोपी संधी त्याला मिळणार नव्हती. बर्नार्डने खाकरून घसा साफ केला.

"घाई केली नाही, एवढंच," तो म्हणाला.

तिने थर्मास जमिनीवर ठेवला. खोटं बोलला असता तर निदान त्याला खोटारडा म्हणता आलं असतं.

ब्रेक झाले, धूर झाला, आरसे झाले. स्टिअरिंग सोडल्यावर चाकं आपोआप सरळ आली तेव्हा हेब्डनने शीळ घातली. मग तो सीटचे पट्टे तपासायला आत वाकला. चालकाच्या बाजूचा पट्टा ओढून पाहिला, सोडला. बाजूच्या सीटचा ओढला आणि तिथेच थांबला. खालची लोखंडी पट्टी त्याने हलवून बघितली. ती जागची हलेना.

"ही बोल्टाभोवती मोकळी फिरायला हवी. ही तर आवळून टाकलीय. आतली नळी उलट्या बाजूला गेलीय." तो बाहेर आला आणि बर्नार्डकडे बघून हसला. "एवढी सुंदर गाडी आणि हे असं? हे मात्र मिसेसकडून करून घेतलेलं दिसतंय, साहेब."

त्या गाडीत बर्नार्डने स्वतःच्या हाताने बसवलेली ती एकच गोष्ट होती. माझ्या सीटचा पट्टा मी लावणार, असा हट्ट धरून त्याने तो लावला होता. तिने नंतर तपासलाही नव्हता, त्याला वाईट वाटेल म्हणून.

बर्नार्ड हसला. मोठ्याने नाही, पण हसला.

लिनेटने हातातल्या जाकिटाची गुंडाळी करून ती बाकावर टाकली.

"जेवणाच्या सुट्टीआधी नीट करून दिलंत तर आजच पास करतो," हेब्डन म्हणाला. "नाही तर नापास लिहावं लागेल. मग पुढची तारीख एकदम वसंतातली. हत्यारं आहेत ना?"

हत्यारांची पेटी लिनेटने पुढे केली. बर्नार्ड ती घेऊन दाराशी गुडघ्यांवर बसला. पहिला पाना मोठा झाला, दुसरा लहान. तिसरा बसला, पण त्याने बोल्ट आणखीच आवळला.

"लिन," तो हळूच म्हणाला. "जरा बघ ना."

"तूच बघ."

"हे बघ, चेष्टा नको. ती नळी आधी की वायसर आधी?"

"पुस्तकात काय म्हटलंय?" लिनेट म्हणाली. "तुला पाठ आहे ना. म्हण की."

त्याने खरोखरच म्हणायला सुरुवात केली, ओठ हलवत, पुटपुटत. शब्द सगळे बरोबर होते, पण त्यातला एकही हातात उतरत नव्हता. लिनेटला दिसत होतं की गाडी नापास होणार. सहा हिवाळ्यांनंतर आणखी एक हिवाळा ती गॅरेजमध्ये अडकणार, आणि ते एका बोल्टापायी. तिची बोटं शिवशिवत होती. तरी ती हलली नाही. आज गाडीला गुपचूप वाचवलं तर पुन्हा कधी तोंड उघडायची सोय राहणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

"बाईसाहेब, साहेबांच्या उजेडात उभ्या राहू नका," हेब्डन म्हणाला.

बर्नार्डने पाना खाली ठेवला. उठायला त्याला दाराचा आधार घ्यावा लागला.

"गाडी हिने बांधलीय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "सगळी. वेल्डिंगसुद्धा. मी फक्त हा पट्टा लावला."

हेब्डन हसणार होता. मग त्याने दोघांचे चेहरे पाहिले आणि हसू आवरलं.

लिनेट बाही सारून वाकली. बोल्ट सैल केला, नळी काढून पलीकडून घातली, वायसर बदलला, पुन्हा आवळलं. पट्टीला बोटाने टिचकी मारली तशी ती भोवताली फिरली. हेब्डनने पट्टा ओढून बघितला. एकदा, मग आणखी एकदा.

"ठीक आहे," तो म्हणाला.

झालं, असं लिनेटला वाटलं. इतक्या वर्षांनी ते वाक्य एका परक्या माणसासमोर बोललं गेलं होतं आणि छत काही कोसळलं नव्हतं. ती हात पुसायला चिंधी शोधू लागली.

हेब्डनने सही करायला पेन काढलं होतं. ते त्याने पुन्हा खिशात अडकवलं आणि बॅटरी उचलली.

"खालचं वेल्डिंग फक्त एकदा नजरेखालून घालतो," तो म्हणाला.

"ते झालं की सकाळी," बर्नार्ड म्हणाला.

"हो, झालं. तरी आपली खात्री."

"बघत राहावं असं काम, असं म्हणालात तुम्ही."

"म्हणालो ना. पण तेव्हा मला वाटलं, तुम्ही..." हेब्डन थांबला. तो पायऱ्या उतरून खड्ड्यात गेला आणि उजेड पहिल्या सांध्यावर येऊन स्थिरावला.

बर्नार्डचा चेहरा रागाने पांढरा पडला होता. इतकी वर्षं एका घरात राहून लिनेटने त्याला इतकं संतापलेलं पाहिलं नव्हतं.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "ऐकलंस का हा काय म्हणाला ते?"

लिनेटने चिंधीने एकेक बोट पुसलं.

"मी सकाळपासून ऐकतेय, बर्नार्ड," ती म्हणाली.