धाकट्याचं मशीन

दोघे सख्खे भाऊ एकाच ऑर्केस्ट्रात होते. थोरला व्हायोलिन वाजवायचा, धाकटा ऑर्गन. एके वर्षी धाकट्याच्याच सांगण्यावरून मालकानं स्ट्रिंग मशीन घेतलं. पट्टी दाबली की व्हायोलिनवाल्यांचा अख्खा ताफा वाजतोय असं वाटायचं. थोड्याच दिवसांत खऱ्या व्हायोलिनवाल्यांना नारळ मिळाला. थोरलाही त्यांच्यातच.

"माझ्यासाठी एक शब्द टाकला नाहीस," एवढंच तो धाकट्याला म्हणाला. त्यानंतर दोघांचं बोलणंच तुटलं. थोरल्यानं शाळेत संगीत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाला.

एका दुपारी धाकट्याची मुलगी थोरल्याच्या दारात उभी राहिली.

"काका, बाबांची उजवी बाजू गेलीय. बोलणंही जेमतेम."

"मग? मी काय डॉक्टर आहे?"

"डॉक्टर झाले सगळे. बाबांना ते मशीन ऐकायचंय. ते तर कधीच भंगारात गेलं. मी नवा सिंथेसायझर आणलाय, त्यात जुन्या मशीनचा आवाज जुळवता येतो. पण मी काहीही वाजवलं तरी ते मान हलवतात, नाही म्हणून. तो आवाज ऐकलेलं दुसरं कुणी राहिलंय का?"

थोरल्यानं चपला पायात सरकवल्या.

धाकटा खिडकीजवळच्या पलंगावर होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं. त्यानं भावाकडे पाहिलं, भावानं त्याच्याकडे. सिंथेसायझर इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेला. पुतणीनं सूर धरला.

"फार गुळगुळीत आहे," थोरला म्हणाला. "ते कापरं होतं. सूर एका जागी ठरायचा नाही. आणि दम लागलेल्या माणसासारखा उशिरा उठायचा."

तिनं बटणं फिरवली.

"अजून. वरची चकाकी काढ. हां. खाली थोडी खरखर होती."

"इतकं बारीक कसं लक्षात राहिलं तुमच्या?"

"मला काढल्यावर हॉलच्या मागच्या दाराशी उभा राहून ऐकायचो. याची फजिती व्हावी म्हणून. एकदाही झाली नाही."

पुतणीनं पुन्हा सूर धरला, आणि पलंगावरचा डावा हात उचलला गेला.

थोरल्यानं आणि पुतणीनं टेबल पलंगाला भिडवलं. धाकट्यानं चाचपडत तीन पट्ट्या दाबल्या आणि तसाच थांबला. वरचा भाग वाजवायला त्याला दुसरा हात नव्हता. थोरला वाकला. पूर्वी व्हायोलिनवर जी ओळ वाजवायचा, ती त्यानं हळूहळू वरच्या पट्ट्यांवर काढली.

"दादा," धाकटा अडखळत म्हणाला. "तेव्हा... घाबरलो... होतो."

"हात उचलू नकोस," थोरला म्हणाला. "सूर तुटतोय."

त्यानंतर तो रोज यायला लागला. तो विषय पुन्हा निघाला नाही. डाव्या हातानं धाकटा, उजव्यानं थोरला, असं जमेल तेवढं वाजवायचे. कधी धाकट्याला झोप लागायची, तरी थोरला बसून राही.

उन्हाळा लागता लागता धाकटा गेला. सगळं आवरल्यावर पुतणी म्हणाली, "काका, हा सिंथेसायझर तुम्हीच घेऊन जा."

"नको. माझ्या घरात हा आवाज नको." मग त्यानं पट्ट्यांवरची धूळ हातानं पुसली. "इथंच असू दे. रविवारी येत जाईन."

आणि तो येत राहिला.