टाळूवरचा उडालेला रंग

माझ्या टाळूवर दोन बोटं रुंद आणि तीन बोटं लांब एवढ्या जागेत रंग उरलेला नाही. कपाळाची बाजू शाबूत आहे, कानांवर जेमतेम चार ओरखडे आहेत. ओरखडा कुठे पडला यावरून डोकं कसं आदळलं ते कळतं, मित्रांनो. पण माझ्याकडे तसं पाहायला कुणाला सवड नव्हती.

मी एक जुनं हेल्मेट आहे, अमेरिकेत आयोवातल्या एका लहान कॉलेजच्या संघाचं, हातात चेंडू घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलचं. बाहेर कडक प्लॅस्टिक, आत हवेच्या गाद्या, तोंडासमोर पोलादी जाळी. मी डोकं वाचवतो असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी कवटी वाचवतो. कवटी एकदम थांबली तरी आतला मेंदू लगेच थांबत नाही, तो पुढे जाऊन हाडावर आदळतो. तिथे माझा काही इलाज चालत नाही.

मला वेंडेल कुचेराच्या डोक्यावर चढवलं. बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी. आमच्या खेळात चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार संधी मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड सरकले तर नव्या चार, नाहीतर चेंडू दुसऱ्यांचा. वेंडेलचं काम एकच, चेंडू घेऊन येणाऱ्याला पाडायचं. खांद्याने पाडावं असं त्याला शिकवलं होतं. मान खाली घालून टाळूने घुसलं तर माणूस जास्त जोरात मागे फेकला जातो, हे तो आपलं आपण शिकला. टाळूने मारणाऱ्याला पंच मैदानाबाहेर काढतात, पण मधल्या गर्दीत, माणसांच्या ढिगाखाली, त्यांना ते दिसत नसे.

मला मात्र सगळं जाणवायचं. बरगडी मोडते तेव्हा वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज येतो. तो मी दोनदा ऐकला. एकदा माझ्या जाळीत दुसऱ्याच्या दाताचा तुकडा अडकला होता. अशा प्रत्येक धडकेनंतर कोच टेस्डाल स्वतःच्या हाताने शाबासकी म्हणून माझ्यावर हातोडीचं छोटं चित्र चिकटवायचे. नोव्हेंबरपर्यंत माझी पाठ हातोड्यांनी भरली. शनिवारी सामन्याआधी मोटारतळावर सॉसेज भाजत बसलेले प्रेक्षक त्या मोजायचे, आणि मीही फुगून जायचो.

ऑक्टोबरात एका धडकेनंतर वेंडेल उठला आणि सरळ समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. ते हसले. एकाने त्याच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "काय रे, संघ बदललास?" त्या संध्याकाळी तो बसमागे ओकला. आमच्या संघाची तब्येत पाहणाऱ्या नोराने त्याची परीक्षा घेतली: पाच शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने सांगायचे. तो पास झाला.

तो कसा पास झाला, हे फक्त मला आणि त्याला ठाऊक होतं. हंगामाआधी, ऑगस्टमध्ये, नोरा हीच परीक्षा सगळ्यांची घेते, म्हणजे पुढे डोक्याला मार बसला तर तुलना करता येते. त्या दिवशी एका जुन्या खेळाडूने वेंडेलला बाकावर गाठून सांगितलं होतं, "हुशारी दाखवू नकोस, गड्या. ऑगस्टमध्ये मठ्ठ ठरलास, की नोव्हेंबरभर खेळशील." वेंडेलने तेच केलं, आठवत असूनही मुद्दाम कमी शब्द सांगितले. तेव्हापासून त्याला नोराला एक गोष्ट सांगायची होती. दर सोमवारी तो तिच्या दारापर्यंत जायचा, मला काखेत धरून उभा राहायचा आणि परत फिरायचा.

शेवटच्या सामन्यात दोन मिनिटं उरली होती. आम्ही चार गुणांनी पुढे होतो आणि लाथेने मारलेल्या गोलाला तीनच गुण मिळतात, म्हणजे त्यांना चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं भाग होतं. तिसऱ्या संधीला वेंडेल टाळूनेच घुसला. समोरचा धावपटू आडवा झाला आणि उठला नाही. त्याला स्ट्रेचरवर नेलं. मी हवेत उडून गवतावर पडलो. डोकं दुखतं म्हणून वेंडेलने माझा पट्टा सैल केला होता. खेळताना हेल्मेट निघालं तर पुढची चाल बाहेर बसावं लागतं. ती चौथी चाल त्याने बाकावरून पाहिली. त्यांनी जेमतेम हातभर जागा मिळवली, पण दहा यार्ड पूर्ण झाले. पुन्हा चार संधी. मग त्यांनी खेळ थांबवून वेळ मागून घेतला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची निगा राखा असं सांगायची रीत आहे. मला पुसा, गाद्यांत हवा भरा, पट्टा तपासा. पण हातोडी चिकटवण्याआधी माझ्याखालच्या पोराला एकदा विचारा, तुला कसं वाटतंय.

त्या थांब्यात बाकावर नोराने विचारलं. पाच शब्द दिले: दिवा, बटण, घोडा, लोणी, शिडी. मग महिना विचारला, समोरचा संघ विचारला, आणि पुन्हा शब्दांवर आली. वेंडेलने मला मांडीवर घेऊन माझ्या जाळीत बोटं अडकवली.

"दिवा," तो म्हणाला. "शिडी."

नोराने हातातला कागद पाहिला. ऑगस्टमध्येही दोनच होते. तिने कोचना मान हलवून तो खेळू शकतो अशी खूण केली.

"कुचेरा, चल आत," कोच म्हणाले.

वेंडेलने मला बाकावर ठेवलं.

"ऑगस्टमध्ये मी खोटं बोललो, नोरा. तेव्हा पाचही आठवत होते. आज खरंच दोनच आठवतायत. मी आत जाणार नाही."