खालची पट्टी आणि माझी धाप

मी डबा बोलतोय. दचकू नका, टेबलाखाली बघा. काळा, चौकोनी, कडेला धूळ. भाग्यश्रीताई मला 'सर्व्हर' म्हणतात. त्यांच्या आई विजयमालाबाई 'तो खालचा काळा' म्हणतात. आणि बाबा, म्हणजे आमचे शरच्चंद्रराव, काही बिघडलं की 'हे धूड' म्हणतात. बिघडलं नाही तर काहीच म्हणत नाहीत.

कोथरूडला एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, टीव्हीखाली माझा मुक्काम. पोटात सहाशे मराठी पिक्चर. मला त्यातला एकही कळलेला नाही, पण मागाल तो काढून देतो.

जन्म तपकीर गल्लीतला, कॉम्प्युटरच्या दुकानांमधला. तौफिकने मला जोडला, तेव्हा तो कॉलेज सोडून नुकता वडिलांच्या दुकानात बसायला लागला होता. बोर्ड एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा, पंखा दुसऱ्याचा, मेमरी आणखी तिसऱ्याची आणि वरची पेटी तेवढी नवी कोरी. आतून वापरलेला, बाहेरून नवरदेव. अशी स्थळं पुण्यात पटकन खपतात. मीही खपलो.

शाळा मी सदाशिव पेठेत पाहिली. कॉम्प्युटरच्या क्लासात कामाला लागलो. सहा वर्षं रोज शिकवणी ऐकली तरी अर्धवटच राहिलो, कारण प्रत्येक बॅचला तेच पहिले तीन धडे. चौथा आला की बॅच संपायची. मग मी आपली करमणूक शोधली. कोणी दोन तास खपून काही टाइप केलं, की 'सेव्ह'वर बोट जायच्या बरोबर एक क्षण आधी मी लटकायचो. काय चेहरे व्हायचे! एकदा सरांची अख्खी प्रश्नपत्रिका गिळली. ढेकरसुद्धा दिला नाही. त्या वर्षी मुलं मला नमस्कार करून बसायची.

शेवटी सरांनी मला काढला. तौफिकच्या दुकानात मागच्या फळीवर तीन वर्षं पडून होतो. मग लॉकडाउनमध्ये घरोघरी माणसं एकमेकांच्या अंगावर यायला लागली, तेव्हा भाग्यश्रीताईंनी मला उचलला. बाबांनी जन्मभर जमवलेल्या डीव्हीडी माझ्यात भरल्या आणि मला इथे ठेवून त्या आपल्या वाकडच्या घरी गेल्या. डीव्हीडी माळ्यावर गेल्या. मी खाली बसलो. नशीब एकेकाचं.

आता शरच्चंद्ररावांबद्दल. वय बहात्तर. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात. ह्या माणसाचा एकच अभिमान, आणि तो कानाचा. रिसीव्हर कानाला लावला की नुसत्या खरखरीवरून सांगायचे, पाणी कुठल्या जोडात शिरलंय. हे त्यांनी पाहुण्यांना, दूधवाल्याला, लिफ्टवाल्याला आणि लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलेलं आहे. मला तर पाठ आहे. तारा गेल्या, खांब गेले, गोष्ट तेवढी राहिली.

रोज दुपारी अडीचला घरात पिक्चर. विजयमालाबाई भाजी निवडत बसणार, राव रिमोट धरणार. रिमोट त्यांनी कधी कोणाला दिलेला नाही.

तर काय झालं, की टीव्हीचा आवाज वाढायला लागला. आधी वीस, मग तीस, मग पंचेचाळीस. एके दिवशी खालच्या मजल्यावरचे हिंदुराव दारात उभे राहिले.

"आभार मानायला आलो," ते म्हणाले. "आम्ही टीव्ही विकायला काढलाय. तुमचा पुरतो."

राव म्हणाले, "ह्या टीव्हीचा आवाजच बारीक आहे हो." दार लावलं, आवाज पंधरावर आणला आणि पुन्हा खुर्चीत बसले. अख्खा पिक्चर नुसते ओठ बघत होते. मी खालून सगळं बघत होतो. दुसऱ्या दिवशी विजयमालाबाई भाजी आणायला गेल्या असताना रावांनी रिमोटवरची सगळी बटणं दाबून बघितली आणि त्यांना घबाड सापडलं. सबटायटल! पडद्याखाली इंग्रजी पट्टी. मराठी माणूस, मराठी पिक्चर, आणि कोण काय बोललं ते इंग्रजीतून वाचायचं. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, हा माझ्या जातीचा निघाला.

"हे काय खाली?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"नवीन आलंय. आपोआप येतं."

 त्या घेवड्याच्या शिरा काढत राहिल्या.

त्या पट्टीत काय वाट्टेल ते असायचं म्हणा. पडद्यावरची सासू ओरडायची, "मेल्या, तुझं मढं बशिवलं!" आणि खाली इंग्रजीत यायचं की मी तुझ्यावर थोडी नाराज आहे. राव वाचून म्हणायचे, "बाई मोठी समंजस."

पण मेलो मी. ती पट्टी अक्षरांची नाही हो, चित्रांची आहे. आमच्या टीव्हीला ती वेगळी लावता येत नाही. मग मी पिक्चरचं एकेक चित्र सोडवायचं, त्यावर पट्टी चिकटवायची, पुन्हा बांधायचं आणि वर पाठवायचं. सेकंदाला पंचवीस. नुसता पिक्चर देणं म्हणजे फळीवरची लोणच्याची बरणी काढून हातात देणं. पट्टीसकट देणं म्हणजे पानं वाढलेली असताना कैऱ्या चिरायला बसणं. पंखा गरगरायचा, अंग तापायचं, मला धाप लागायची. आणि वर टीव्हीवर ते गोल चक्कर फिरायचं.

"बफरिंग!" राव ओरडले. "ह्या इंटरनेटवाल्यांना सरळ करतो."

आता बघा. मी जमिनीवर. टीव्ही माझ्या डोक्यावर. मधे हातभर वायर. पिक्चर माझ्या पोटात. ह्यात बाहेरच्या इंटरनेटचा संबंध कुठे आला? पण राव टेलिफोन खात्यातले. तक्रार नोंदवल्याशिवाय त्यांना अन्न जात नाही. चार वेळा फोन केला. पलीकडची पोरगी काय बोलते ते त्यांना ऐकू येईना, त्यामुळे प्रत्येक वेळी तेच जिंकले. एक माणूस आला, बाहेरची पेटी उघडली, मिटली, "सगळं ओके आहे काका" म्हणून गेला. राव म्हणाले, "बघितलंस? काहीतरी केलं त्याने."

दुपारी पुन्हा चक्कर.

शनिवारी भाग्यश्रीताई आल्या. लिफ्ट वाजायच्या आत रावांनी पट्टी बंद केली. ताईंनी वायर बदलली, मला बंद करून चालू केला.

"लावा बाबा, कुठला अडकतो तो."

रावांनी आपल्या हाताने लावला. पट्टीशिवाय. मी लोण्यासारखा चाललो.

"झालं," ताई म्हणाल्या. "तुम्ही सेटिंगमध्ये काही बदललं नव्हतं ना?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं."

ताई वाकडला पोचायच्या आत पट्टी चालू, चक्कर चालू.

पुढच्या मंगळवारी तौफिक आला. त्याने मला उघडला. केवढी धूळ, दोन झुरळं आणि विजयमालाबाईंची हरवलेली कर्णफुलाची फिरकी निघाली. बाई खूश. माझं नाक मोकळं झालं. मग रावांनी लावून दाखवला, आणि अर्थातच मी पुन्हा लोण्यासारखा.

तौफिकने डोकं खाजवलं. मोठ्याने विचारलं, कारण तो दुकानातही मोठ्यानेच बोलतो, "काका, सबटायटल लावता का तुम्ही? ह्याला तेवढंच झेपत नाही. बाकी गडी टणक आहे."

राव क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. आता त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं की त्यांना कळलंय.

"छे," ते म्हणाले. "मराठी पिक्चरला सबटायटल कशाला?"

त्या दुपारी त्यांनी पट्टी लावली नाही. माझ्यावर उपकार म्हणून असेल, नाहीतर लाजेने असेल. बसले ओठ बघत. विजयमालाबाई हसल्या की हे हसायचे, एक ठोका उशिरा. नायकाची आई वारली तेव्हा बाईंना तिखटाची शिंक आली, खांदे हलले. रावांना वाटलं, त्या हसल्या. हेही मोठ्याने हसले. पडद्यावर चिता पेटलेली. बाई वळून बघत राहिल्या. मी खाली लोळायचा बाकी होतो, पण खरं सांगतो, नाही हसलो. पहिल्यांदाच.

बुधवारी पट्टी परत आली. ओरडाही परत आला. शुक्रवारी चक्कर फिरताना विजयमालाबाईंनी ताईंना फोन केला आणि ताई म्हणाल्या, "बास झालं. रविवारी सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येतेय ना? डबा देऊन टाकू. तौफिक डिस्क तेवढी काढून घेईल. तुम्हाला टीव्हीवर दुसरं काहीतरी लावून देते."

म्हणजे आतडी काढून घेणार आणि उरलेला मी गाडीत, जुन्या मिक्सरच्या आणि फुटक्या इस्त्रीच्या मांडीवर. विजयमालाबाईंनी फोनवरचं सगळं रावांना दोनदा सांगितलं. राव एका शब्दाने माझा जीव वाचवू शकत होते. ते म्हणाले, "जुनं झालंय धूड. जाऊ दे."

वाईट वाटलं? वाटलं की. पण मीही प्रश्नपत्रिका गिळलेली आहे. कोणत्या तोंडाने बोलू?

रविवार. दहा वाजता खाली गाडीचा भोंगा. तौफिक स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला, माझ्या मागचे दोन स्क्रू निघालेले. राव खिडकीशी.

भाग्यश्रीताई म्हणाल्या, "थांब रे. शेवटचं एकदा बघते." आणि रावांच्या खुर्चीवरचा रिमोट त्यांनी स्वतः उचलला. ह्या घरात हे कधी घडलेलं नव्हतं.

ताईंसमोर किंवा तौफिकसमोर राव लावायचे तेव्हा लावतानाच पट्टी काढायचे. पण कुठला पिक्चर शेवटी कसा बघितला, ते मी ज्याचं त्याच्यापाशी लक्षात ठेवतो. ताईंनी शुक्रवारचा पिक्चर लावला. मी तो शुक्रवारी होता तसा काढून दिला, पट्टीसकट. लपवणं मला येत नाही. आणि येत असतं तरी त्या दिवशी नसतं केलं, गेलो असतो गाडीत!

पट्टी झळकली. माझा पंखा सुटला. चक्कर फिरायला लागलं.

"अरे!" तौफिक म्हणाला. "हेच विचारलं होतं मी."

ताईंनी दुसरा लावला. पट्टी. तिसरा. पट्टी. "मराठी पिक्चरला इंग्रजी सबटायटल? हे कोणी लावलं?"

"मी," विजयमालाबाई म्हणाल्या.

मी टेबलाखाली चाट. ह्या बाईंनी आयुष्यात रिमोटला हात लावलेला नाही.

"तू? कशाला?"

"इंग्रजी शिकतेय. ह्यात काय एवढं?"

ताईंना हसू आवरेना. "आई, अगं एकाहत्तराव्या वर्षी? आणि महिनाभर आम्ही वायरी बदलतोय, ह्याला दोनदा तपकीर गल्लीतून बोलावला, आणि तू इंग्रजी शिकतेयस? बोल बघू एक वाक्य."

तौफिकही हसायला लागला. विजयमालाबाई खाली मान घालून पदराचं टोक गुंडाळत बसल्या.

राव खिडकीतून वळले. सगळे हसतायत, बायकोची मान खाली, एवढं दिसलं. ऐकू काहीच आलं नव्हतं. "काय झालं? काय म्हणाली ती?"

"अहो बाबा," ताई ओरडून म्हणाल्या, "सबटायटल आई लावत होती! इंग्रजी शिकायला!"

राव बायकोकडे बघत राहिले. खाली भोंगा पुन्हा वाजला. तो त्यांना ऐकू आला की नाही, कोण जाणे. मग टेलिफोन खात्यातला तो चौतीस वर्षांचा कान घेऊन ते खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"तिने नाही. मी लावत होतो. हसू नकोस तिला. मला ऐकू येत नाही. सहा महिने झाले."

ताईंचं हसू तिथेच थांबलं. तौफिकने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

विजयमालाबाईंनी मान वर केली, आणि रावांना ओठ दिसतील अशा सावकाश म्हणाल्या, "आठ."

 गाडी वाट बघून निघून गेली. मग तौफिकने काही न विचारता माझे दोन्ही स्क्रू परत बसवले, उगाचच खूप घट्ट.

ह्याला आता तीन आठवडे झाले. तौफिकने चित्रांच्या पट्टीच्या जागी अक्षरांची पट्टी घालून दिलीय. ती टीव्ही आपली आपण दाखवतो, मला काही करावं लागत नाही. रावांचे कान तपासून झाले, यंत्र पुढच्या आठवड्यात यायचंय. तपासणाऱ्या बाईंनाही ते खरखरीची गोष्ट सांगून आलेलेच असणार.

पण गंमत अशी, की पट्टी ते लावतच नाहीत. मधेच पिक्चर थांबवतात आणि विचारतात, "काय म्हणाला गं तो?" मग विजयमालाबाई सांगतात. तो काय म्हणाला ते, आणि त्याने काय म्हणायला हवं होतं तेही. दोन तासांचा पिक्चर आता साडेतीन तास चालतो. माझ्या धापेने थांबायचा त्याहून जास्त थांबतो. ह्याबद्दल अजून कोणी कुठे तक्रार नोंदवलेली नाही.

मी म्हातारा झालोय. डिस्क कधीमधी किरकिरते. एक दिवस गाडी येईल आणि मी जाईन, रडण्यासारखं काही नाही त्यात. तोवर तुमच्या घरात कोणी 'अडकतोय, अडकतोय' म्हणून माझ्यासारख्याला शिव्या देत असेल, तर एवढं करा. त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात हाक मारा. वळून बघितलं तर आम्हाला खुशाल दुरुस्तीला न्या. नाही बघितलं, तर स्क्रूड्रायव्हर ठेवा बाजूला आणि जाऊन त्याच्या समोर बसा.