हद्दीची झुडपं

"कौपाला पुरून वर्ष नाही झालं, आणि तू माझ्या वावरात घुसलीस?" बोमाई काठी आपटत ओरडला.

आग्नेस चिखलात उभी होती. आठवडाभर कोसळून पाऊस नुकताच थांबला होता. उतारावरचं वरचं रताळ्याचं वावर तिचं, खालचं या थोरल्या दिराचं, आणि मधे लाल पानांच्या झुडपांची हद्द. चिंबूच्या डोंगरात हद्दीचं झुडूप हलवणं म्हणजे कुऱ्हाडींना आमंत्रणच. कौपाने, तिच्या नवऱ्याने, ही रांग दोरी धरून सरळ लावली होती. आता ती मधोमध चांगली हातभर बोमाईच्या बाजूला शिरली होती.

"जिभेला काही हाड आहे का भावोजी? मी कशाला हलवू?"

"मग काय, झुडपांना पाय फुटले? उद्या पंच बसवतो. वावर सोडावं लागेल तुला."

वावर गेलं तर माहेरी परतायचं, आणि माहेरी तिची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. आग्नेसचं डोकं सणकलं.

"बघा मग! ही काय आत्ता लावलेली झुडपं आहेत?" म्हणत तिने एक बुंधा धरून जोराने हिसडला. झुडूप जागचं हललं नाही. दोन-तीन फांद्या तेवढ्या मोडून हातात आल्या. त्या तिने तशाच पाठीवरच्या झोळीत कोंबल्या. बुंध्यावर जुनं शेवाळ होतं, भोवतीचं गवत जसंच्या तसं. खणल्याची खूणच नव्हती.

बोमाई वाकून बघू लागला. "मग सरकली कशी गं?"

आग्नेसने मान वर करून माथ्याकडे पाहिलं. ती वावर चढून वर धावली. माथ्याशी जमिनीला लांबलचक आडवी भेग पडली होती, आणि साठलेलं पाणी गुपचूप तिच्यात उतरत होतं.

"भावोजी, झुडपं नाही, डोंगर सरकतोय!"

तिने तोंडाशी हात धरून लांबलचक आरोळी ठोकली. इथे दरीत निरोप असाच जातो.

"ओऽऽ खालच्यांनो! घळीत उतरू नका! आडव्या वाटेनं चर्चच्या डोंगरसोंडेवर चला!"

बायका, पोरं, डुकरं, सगळे निघाले. अडला तो बोमाई. त्याची गाभण डुकरीण दावं ताणून बसली होती.

"पोराच्या लग्नात मुलीकडच्यांना द्यायचीय ही. हिला सोडून नाही येणार मी."

"आणि लग्नात ही द्यायला कोण उभं राहणार, तुमचं मढं?"

तिने झोळीतलं रताळं मोडून डुकरिणीच्या नाकासमोर धरलं आणि उलट्या पावलांनी चालू लागली. डुकरीण मुकाट उठली. तिच्यामागून बोमाईही.

दुपारी सोंडेवरून सगळ्यांनी पाहिलं. आधी झाडं डुलली, मग अख्खा उतार गडगडत घळीत गेला. घरं गेली, वावरं गेली, कौपाचं थडगंही गेलं. आग्नेस ढसाढसा रडली. पण माणूस एकही गेलं नव्हतं.

ऊन पडल्यावर बोमाईने तिला सोंडेपलीकडचं आपलं पडीक दाखवलं. "अर्धं तुझं."

आग्नेसने झोळीतल्या फांद्या काढल्या. कौपाच्या रांगेतलं तेवढंच उरलं होतं. बोमाईने काठीने भोक पाडून पहिली फांदी स्वतःच्या हाताने रोवली.

आग्नेसने एक डोळा मिटून पाहिलं. "भावोजी, तुमच्याच बाजूला हातभर सरकली की!"

"असू दे तिथंच." म्हातारा पायाने माती दाबत होता. "पण रोज सकाळी येऊन बघत जा, रांग सरळ आहे ना. आण, दुसरी दे."